बीएमडब्ल्यूचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: बिघाड शोधण्याचा आणि दुरुस्तीचा योग्य क्रम

गाडी गिअर बदलताना झटका देते, आरपीएम चढतात पण गाडी ओढत नाही, किंवा डिस्प्लेवर गिअरबॉक्स बिघाडाची सूचना येते. अशी गाडी गॅरेजमध्ये गेली की बहुतेक वेळा दोनपैकी एक होतं. कुणी लगेच ऑईल बदलतो, तर कुणी थेट दुसरा गिअरबॉक्स शोधायला लागतो. बिघाड नेमका कुठे आहे हे सिद्ध करण्याचं काम मधल्या मध्ये राहून जातं. त्यामुळे नवा सम्प (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑईलचं भांडं) बसूनही झटका तसाच राहतो, किंवा लाखो रुपये घालवल्यावर कळतं की दोष बॅटरीत किंवा प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) रबरी चकतीत होता.

इथे दिलेला क्रम झेडएफ कंपनीच्या ८एचपी गिअरबॉक्ससाठी आहे. २०१० नंतरच्या ५ सिरीजमध्ये आणि २०१२ नंतरच्या ३ सिरीजमध्ये, म्हणजे आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या ५२०डी आणि ३२०डी गाड्यांमध्ये, हाच बॉक्स येतो. जॅग्वार, ऑडी आणि रेंज रोव्हरच्या काही मॉडेलांमध्येही हाच मूळ बॉक्स आहे. निदानाची पद्धत तिथेही चालेल. पण ऑईलचा ग्रेड, पातळी तपासायचं तापमान आणि बोल्टचा टॉर्क मात्र त्या त्या कंपनीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

## आधीची तयारी

स्कॅनर. फोनला जोडायचा स्वस्त ओबीडी डोंगल इथे उपयोगाचा नाही, तो फक्त इंजिनचे कोड वाचतो. गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये शिरणारा स्कॅनर हवा. बीएमडब्ल्यूचं स्वतःचं निदान सॉफ्टवेअर इस्टा सर्वांत चांगलं, नाहीतर त्या तोडीचा एखादा स्कॅनर. इंजिनचे आरपीएम, टर्बाइनचे (टॉर्क कन्व्हर्टरमधून बॉक्सला फिरवणाऱ्या चाकाचे) आरपीएम, आउटपुट शाफ्टचे आरपीएम, चालू गिअर, ऑईलचं तापमान, लॉकअप क्लचची (इंजिन आणि टर्बाइन थेट जोडणाऱ्या क्लचची) स्थिती आणि अॅडॅप्टेशनचे (कंट्रोल युनिटने शिफ्टसाठी शिकून ठेवलेले) आकडे एवढं त्यावर दिसलंच पाहिजे.

सपोर्ट चार्जर. इग्निशन चालू ठेवून तासभर स्कॅनिंग केलं की बॅटरी खाली बसते. प्रोग्रॅमिंगच्या मध्येच व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल कायमचं बंद पडू शकतं. साधा ट्रिकल चार्जर पुरत नाही, स्थिर व्होल्टेज देणारा आणि पुरेसा अँपिअरचा हवा.

सुटे भाग. या बॉक्सचा सम्प प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्याच्या आतच असतो, म्हणून फिल्टर बदलायचा तर सम्पच बदलावा लागतो. नवा सम्प गॅसकेटसह घ्या. सोबत बोल्टचा नवा संच, नवा फिलर प्लग आणि झेडएफ लाइफगार्ड ८ किंवा बीएमडब्ल्यूचं त्याच दर्जाचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) ७ लिटर आणा. सम्प काढल्यावर पाच-साडेपाच लिटर निघतं, बाकीचं पातळी जुळवताना सांडण्यासाठी.

हत्यारं. टॉर्क्स टी-४० बिट, ८ आणि १० मिमीची अॅलन, कमी टॉर्कचा पाना (५ ते २५ न्यूटन मीटर) आणि मोठा टॉर्क पाना, आकडे छापलेलं ऑईलचं भांडं, हाताने चालवायचा फिलर पंप आणि पांढरं कापड.

> सावधान: 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' असं लिहिलेलं ऑईल किंवा डेक्सरॉन यात घालू नका. क्लचच्या फायबरचं घर्षण ऑईलवर ठरतं. चुकीचं ऑईल पडलं की थरथर सुरू होते, आणि मग दोन वेळा ऑईल बदलूनही ती लवकर जात नाही.

## टप्पा १: तक्रार कागदावर उतरवा

'झटका मारते' एवढ्यावर काहीही ठरत नाही. गाडीच्या मालकाला शेजारी बसवून फेरी मारा आणि पुढच्या गोष्टी लिहून घ्या:

१. झटका वर जाताना येतो की खाली उतरताना? कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना?
२. सकाळी थंड असताना येतो की अर्ध्या तासाच्या ट्रॅफिकनंतर?
३. अॅक्सिलरेटर हलका दाबल्यावर, की जोरात दाबल्यावर?
४. पी मधून डी किंवा आर मध्ये टाकल्यावर गिअर पडायला किती वेळ लागतो?
५. ताशी ६० ते ८० किमी वेगाने सावकाश जाताना खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथर जाणवते का?

फेरी साध्या डी मोडमध्ये मारा. स्पोर्ट मोडमध्ये शिफ्ट मुद्दाम कडक असतात, त्यामुळे तिथलं निरीक्षण दिशाभूल करतं.

## टप्पा २: आधी वीज, मग कोड

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचं व्होल्टेज मोजा. १२.५ च्या आसपास किंवा वर असेल तर ठीक. खाली असेल तर बॅटरी चार्ज करून लोडवर तपासा. बॅटरी बदलली असेल तर गाडीत तिची नोंद केली आहे का, तेही पाहा. या बॉक्सचं कंट्रोल युनिट सोलेनॉइडना (ऑईलचा दाब सांभाळणाऱ्या विजेच्या झडपांना) मिलीअँपिअरच्या हिशेबाने करंट देतं. व्होल्टेज डळमळलं की तक्रार गिअरबॉक्सची दिसते, दोष मात्र बॅटरीचा असतो.

आता सगळ्या मॉड्यूलचे कोड वाचा, फक्त गिअरबॉक्सचे नव्हेत. प्रत्येक कोडसोबत साठवलेला तपशीलही पाहा: किती किलोमीटरवर, किती तापमानाला, किती व्होल्टेजला. तिथे व्होल्टेज १० च्या खाली दिसलं तर तो कोड तात्पुरता बाजूला ठेवा. नेहमी भेटणारे सर्वसाधारण कोड असे:

- पी०५६२: व्होल्टेज कमी
- पी०७१५: इनपुट किंवा टर्बाइन सेन्सरचा सिग्नल
- पी०७२०: आउटपुट सेन्सरचा सिग्नल
- पी०७३०: गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे कुठेतरी घसरण आहे
- पी०७४१: टर्बाइन आणि इंजिन जोडणारा लॉकअप क्लच नीट पकडत नाही
- पी०२१८: ऑईल प्रमाणाबाहेर गरम
- यू०१०१: गिअरबॉक्स कंट्रोल युनिटशी संपर्क तुटला

> तपासणी: कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्या. अॅडॅप्टेशनच्या आकड्यांचाही घ्या. गॅरेजमध्ये शिरताच सगळं पुसून टाकायची सवय आहे, आणि तिथेच पुरावा जातो.

## टप्पा ३: गिअरबॉक्सच्या बाहेरचे दोष वगळा

या कामाला अर्धा तास लागतो. तरीही इथेच बरेच जण घाई करतात.

गाडी रॅम्पवर घ्या. प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाला असलेली रबरी चकती, जिला गॅरेजमध्ये गिबो म्हणतात, तिला बोल्टच्या छिद्रांभोवती भेगा आहेत का पाहा. शाफ्टच्या मधलं बेअरिंग हलवून पाहा. गिअरबॉक्स माउंट आणि इंजिन माउंटचं रबर फाटलं असेल, तर डी मध्ये टाकताना 'ठक' असा आवाज येतो आणि लोक त्याला गिअरचा झटका समजतात. डिझेल गाडीत इंटरकूलरचा पाइप फुटला किंवा इंजेक्टर नीट मारत नसेल तर टॉर्क अचानक खालीवर होतो, गिअरबॉक्सला इंजिनकडून चुकीचा अंदाज मिळतो आणि शिफ्ट कडक होते. इंजिनचे कोड आधी वाचायचे ते यासाठीच.

एक्सड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चारही टायरची घिसाई मोजा. पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये फरक असेल तर ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागात) ताण येतो, आणि वळताना येणारे ते धक्के गिअरबॉक्सचे वाटतात.

## टप्पा ४: लाइव्ह डेटा

खरं निदान इथेच होतं. तीन आकडे एकाच स्क्रीनवर आणा: इंजिनचे आरपीएम, टर्बाइनचे आरपीएम आणि आउटपुटचे आरपीएम. शेजारी चालू गिअर, लॉकअपची स्थिती आणि ऑईलचं तापमान.

इंजिन आणि टर्बाइन यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो इंजिनची ताकद ऑईलमधून बॉक्सला देतो. टर्बाइन आणि आउटपुट यांच्यामध्ये बॉक्सचे आतले क्लच आणि ब्रेक असतात. म्हणून:

- इंजिन आणि टर्बाइनमधला फरक डगमगत असेल, तर दोष कन्व्हर्टरकडे.
- टर्बाइन आणि आउटपुटचं गुणोत्तर बिघडत असेल, तर दोष आतल्या क्लचकडे किंवा त्याला दाब देणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीकडे.

सर्वांत सोपी चाचणी सहाव्या गिअरमध्ये होते, कारण तिथे गुणोत्तर बरोबर १.००० असतं. सपाट रस्त्यावर मॅन्युअलमध्ये सहावा गिअर धरा आणि ठरावीक वेगाने चाला. टर्बाइन आणि आउटपुट एकच आकडा दाखवतील. लॉकअपने पूर्ण पकडलं की इंजिनही जवळपास त्याच आकड्यावर येईल. कंट्रोल युनिट कधी कधी लॉकअपला मुद्दाम थोडं घसरत ठेवतं, त्यामुळे थोडा स्थिर फरक चालतो. तो फरक दर सेकंदाला वरखाली नाचत असेल आणि त्याच वेळी थरथर जाणवत असेल, तर ती लॉकअपची थरथर आहे. टर्बाइन आणि आउटपुट शांत असताना फक्त इंजिन-टर्बाइनचा फरक नाचतोय, हे स्क्रीनवर दाखवता आलं की कन्व्हर्टरवर बोट ठेवता येतं. त्याआधी नाही.

इतर गिअरसाठी टर्बाइनला आउटपुटने भागा. ३२०डी आणि ५२०डीच्या सुरुवातीच्या बॉक्सचे आकडे साधारण असे येतात: पहिला ४.७१, दुसरा ३.१४, तिसरा २.११, चौथा १.६७, पाचवा १.२९, सहावा १.००, सातवा ०.८४, आठवा ०.६७.

### कोणता क्लच घसरतोय हे कसं ओळखायचं

या बॉक्समध्ये पाच घटक आहेत: ए आणि बी हे ब्रेक, सी, डी आणि ई हे क्लच. प्रत्येक गिअरमध्ये तीन धरलेले आणि दोन सोडलेले असतात.

| गिअर | धरलेले घटक |
|---|---|
| रिव्हर्स | ए, बी, डी |
| १ | ए, बी, सी |
| २ | ए, बी, ई |
| ३ | बी, सी, ई |
| ४ | बी, डी, ई |
| ५ | बी, सी, डी |
| ६ | सी, डी, ई |
| ७ | ए, सी, डी |
| ८ | ए, डी, ई |

हा तक्ता छापून गॅरेजच्या भिंतीवर लावावा इतका उपयोगी आहे. प्रत्येक शिफ्टमध्ये एकच घटक सुटतो आणि एकच धरला जातो. १ वरून २ ला सी सुटतो, ई धरतो. ३ वरून ४ ला सी सुटतो, डी धरतो. ५ वरून ६ ला बी सुटतो, ई धरतो. ७ वरून ८ ला सी सुटतो, ई धरतो.

आता टप्पा १ मधला कागद काढा आणि ताडून पाहा:

- ५ वरून ६ ला आरपीएम उडतात, १ वरून २ आणि ७ वरून ८ लाही तेच होतं. तिन्हींत ई धरतो, म्हणून संशय ई वर.
- फक्त ५ वरून ६ ला होतं, बाकी दोन स्वच्छ आहेत. मग ई झिजलेला असण्याची शक्यता कमी. बी सुटण्याची वेळ किंवा अॅडॅप्टेशन पाहा.
- डी मध्ये टाकल्यावर लगेच ओढते, पण आर मध्ये उशीर करते. ए आणि बी दोन्हीकडे आहेत, वेगळा आहे तो डी क्लच.
- उलट, आर लगेच आणि डी ला उशीर असेल तर सी.
- दोन्हीकडे उशीर, तोही सकाळी पहिल्यांदाच: आधी ऑईलची पातळी. क्लचचा विचार नंतर.
- सिग्नलला थांबताना ३ वरून २ ला धक्का बसतो. तिथे सी सुटून ए धरतो. गुणोत्तर नीट असेल तर ही बहुधा अॅडॅप्टेशनची बाब असते, झिजण्याची नव्हे.

> सावधान: ब्रेक धरून पूर्ण अॅक्सिलरेटर दाबायची जुनी स्टॉल टेस्ट या बॉक्सवर करू नका. काही सेकंदांत कन्व्हर्टरमधलं ऑईल जळण्याइतकं तापतं, आणि इतका तपशील स्क्रीनवर मिळत असताना तिची गरजही नाही.

## टप्पा ५: खालून गळती पाहा

सम्प हा गाडीचा खालचा भाग आहे आणि तो प्लास्टिकचा आहे. आपल्याकडच्या स्पीड ब्रेकरवर खालचं कव्हर घासलं की सम्पला बारीक भेग पडते. ती उघड दिसत नाही, फक्त कव्हरवर ऑईल साचत राहतं. कव्हर काढा, सगळं पुसून कोरडं करा, २० किमी चालवा आणि पुन्हा पाहा. सम्पची कड, वायरिंगचा मोठा कनेक्टर, कूलरचे पाइप, मागचा आउटपुट सील आणि कन्व्हर्टरच्या बाजूची बेल हाउसिंग, एवढ्या जागा बघायच्या. बेल हाउसिंगमधून ठिबकत असेल तर ते इंजिन ऑईल आहे की गिअरबॉक्सचं, हे कापडावर घेऊन आधी ठरवा.

पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून गेलेली गाडी असेल तर वेगळी काळजी घ्या. गरम बॉक्स थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदरमधून, पाणी आत ओढलं जाऊ शकतं. अशा गाडीचं ऑईल बदलायला किलोमीटरची वाट पाहू नका.

## टप्पा ६: ऑईल काढणं आणि सम्प वाचणं

१. गाडी चारही बाजूंनी समतल उचला. पुढून जॅक लावून तिरकी ठेवलेली गाडी पुढे पातळी तपासताना फसवते.
२. फिलर प्लग आधी ढिला करून पाहा. तो बॉक्सच्या बाजूला असतो आणि उष्णतेने घट्ट बसतो. ड्रेन आधी उघडला आणि फिलर निघालाच नाही, तर रिकाम्या बॉक्सची गाडी रॅम्पवर अडकते.
३. ड्रेन प्लग काढा आणि ऑईल मोजायच्या भांड्यात घ्या.
४. सम्पचे बोल्ट कडेने आळीपाळीने ढिले करा. आत अजून ऑईल असतं, सम्प सपाट ठेवूनच खाली उतरवा.

एकूण निघालेलं ऑईल मोजा. पाच लिटरपेक्षा बरंच कमी असेल तर बॉक्स आधीपासूनच कमी ऑईलवर चालत होता, आणि तक्रारीचं कारण तिथेच असू शकतं.

जुनं आणि नवं ऑईल दोन पारदर्शक बाटल्यांत शेजारी ठेवा. ऑटोमॅटिकचं ऑईल लालच असलं पाहिजे ही समजूत इथे लागू नाही, तुलना नव्या ऑईलशीच करायची. करपलेला वास आणि काळा रंग म्हणजे फायबर जळलं आहे. दुधाळ, गुलाबीसर फेस म्हणजे कूलरमधून कूलंट आत आलं. बॉक्सचं ऑईल आणि इंजिनचं कूलंट ज्या हीट एक्स्चेंजरमध्ये शेजारून वाहतात, तो फुटला की हे होतं. कूलंटमधलं ग्लायकॉल क्लचच्या फायबरचा चिकट थर सोडवतं, त्यामुळे नुसतं ऑईल बदलून हा बॉक्स टिकत नाही. कूलर बदला आणि मालकाला क्लचच्या खर्चाची कल्पना आधीच द्या.

मग सम्पमधले लोहचुंबक पाहा:

- करड्या रंगाचा मऊ लेप: नेहमीची घिसाई.
- काळे धागे किंवा कण: क्लचचं फायबर.
- पितळी चमक: बुश झिजतंय. हे चुंबकाला चिकटत नाही, सम्पच्या तळाशी उजेडात पाहा.
- बोटाला टोचणारे पोलादी तुकडे: बेअरिंग किंवा प्लॅनेटरी गिअर. इथे थांबा. नवं ऑईल घालून गाडी परत देऊ नका, बॉक्स उघडावा लागणार आहे.

## टप्पा ७: नवा सम्प आणि ऑईलची पातळी

सम्प बसणारी जागा धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. फिल्टरचं तोंड पंपाच्या सक्शनमध्ये नीट शिरलं का पाहा, ओ-रिंगला थोडं ताजं ऑईल लावा. गॅसकेटवर सिलिकॉन अजिबात लावू नका. त्याचा तुकडा सुटला तर व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन अडकतो.

बोल्ट नवेच घ्या. मधून सुरू करून तिरके, बाहेरच्या दिशेने आवळा. पोलादी बोल्टना १० न्यूटन मीटर पुरेसा आहे. अॅल्युमिनियमचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात आणि त्यांचा टॉर्क-अंशाचा हिशेब वेगळा असतो, संचासोबतच्या कागदाप्रमाणेच करा. प्लास्टिक ड्रेन प्लगला फक्त ८. हवेच्या गनने आवळलेला सम्प महिन्याभरात वाकतो आणि गळायला लागतो.

आता पातळी. या बॉक्सला डिपस्टिक नाही, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

१. इंजिन बंद. फिलरच्या छिद्रातून ऑईल बाहेर येईपर्यंत पंपाने भरा. प्लग हाताने लावा.
२. एक जण ब्रेकवर पाय ठेवून आत बसेल. गिअर पी मध्ये, एसी बंद. इंजिन चालू करा आणि लगेच फिलर उघडून पुन्हा भरा. पंप कन्व्हर्टरमध्ये ऑईल खेचतो, त्यामुळे आत बरंच जातं. परत बाहेर येईपर्यंत भरा, प्लग लावा.
३. ब्रेक धरून आर आणि डी मध्ये प्रत्येकी किमान तीन सेकंद ठेवा. असं दोन-तीन वेळा. परत पी.
४. स्कॅनरवर ऑईलचं तापमान पाहा. ३० ते ५० अंशांच्या मध्ये, शक्यतो ४० च्या आसपास, इंजिन चालू ठेवूनच फिलर उघडा. बारीक धार येईल. धार तुटून थेंब पडू लागले की प्लग बंद करा. काहीच आलं नाही तर येईपर्यंत भरा.
५. नवा प्लग ३५ न्यूटन मीटरला आवळा. त्यानंतरच इंजिन बंद करा.

> सावधान: पायरी १ नंतर इंजिन चालू ठेवून चहा प्यायला जाऊ नका. कन्व्हर्टर भरेपर्यंत पंप हवा ओढतो.

> सावधान: रॅम्पवर चाकं मोकळी असताना डी मध्ये टाकलं की प्रोपेलर शाफ्ट फिरतो. खाली कुणीही नको, कपडे आणि केबल दूर.

तापमानाची अट का? ऑईल गरम झालं की फुगतं. ६५ अंशांवर तपासलं तर छिद्रातून भरपूर बाहेर येतं, बॉक्स भरलेला वाटतो, आणि थंड झाल्यावर कमी निघतो. मग चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर पंपाला हवा लागते आणि गिअर सुटल्यासारखा होतो. इंजिन बंद ठेवून तपासलं तर याहूनही मोठी चूक होते, कारण कन्व्हर्टरमधलं ऑईल खाली उतरलेलं असतं.

नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं ऑईल इंजिन लावण्याआधीच ४० अंशांवर असतं. तिथे हे काम पहाटे करा. मर्यादा ओलांडली तर फॅन लावून घाई करू नका, गाडी दोन-तीन तास उभी ठेवा आणि पायरी ३ पासून पुन्हा सुरू करा.

सम्प काढून ऑईल बदललं की एकूण साडेआठ-नऊ लिटरपैकी साठेक टक्के नवं होतं, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. लॉकअपच्या थरथरीसाठी काम केलं असेल तर हजारभर किलोमीटरनंतर फक्त ड्रेन उघडून पुन्हा भरणं फायद्याचं ठरतं. बीएमडब्ल्यू 'आयुष्यभराचं ऑईल' म्हणत असली तरी बॉक्स बनवणारी झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षांनी बदलायला सांगते. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीसाठी खालचा आकडाच धरावा.

## टप्पा ८: अॅडॅप्टेशन

कंट्रोल युनिट प्रत्येक क्लच भरायला लागणारा दाब आणि वेळ शिकत असतं. हे शिकलेलं पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

ऑईल बदलण्याआधी शिफ्ट चांगल्या होत्या? मग पुसू नका, युनिट आपोआप जुळवून घेईल. मेकॅट्रॉनिक (व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड आणि कंट्रोल युनिटचा एकत्र भाग), कन्व्हर्टर किंवा क्लच बदलले असतील तर पुसणं आवश्यक आहे. गुणोत्तर स्वच्छ आणि पातळी बरोबर असूनही एखादी शिफ्ट कडक राहिली असेल, तर पुसून नीट शिकवणं योग्य. घसरणाऱ्या क्लचचे आकडे पुसले तर दोन दिवस गाडी बरी वाटते आणि नंतर आधीपेक्षा वाईट होते.

पुसल्यानंतरची फेरी अशी:

१. ऑईल किमान ५० अंशांवर येऊ द्या. मोड डी, क्रूझ कंट्रोल बंद.
२. थांबलेल्या स्थितीतून हलक्या, स्थिर अॅक्सिलरेटरने वरच्या गिअरपर्यंत जा. पाय मध्ये खालीवर करू नका.
३. अॅक्सिलरेटर सोडून गाडी सावकाश थांबू द्या, शेवटी हलका ब्रेक. २ आणि ३ मिळून आठ-दहा वेळा.
४. थांबून पी-आर आणि पी-डी, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबत, पाच-सहा वेळा.

जागा सपाट आणि मोकळी हवी.  खंडाळ्याचा घाट नको, चढाच्या भाराखाली युनिट काही नीट शिकत नाही.

## टप्पा ९: तरीही दोष राहिला तर

मेकॅट्रॉनिक. एखाद्या क्लचला दाब कमी पडतोय असं डेटा सांगतो, पण सम्पमध्ये फायबर नाही. तेव्हा संशय व्हॉल्व्ह बॉडी किंवा सोलेनॉइडवर घ्या. युनिट सम्पमधूनच निघतं, बॉक्स उतरवावा लागत नाही. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा आणि कनेक्टरच्या पिनांना हात लावू नका. सील सगळे नवे घ्या, आणि परत बसवताना पार्क लॉकची जोडणी जुळली आहे का ते पाहूनच बोल्ट आवळा. नंतर प्रोग्रॅमिंग, कोडिंग आणि टप्पा ८.

कन्व्हर्टर. दोनदा ऑईल बदलूनही लॉकअप नाचतोय, तर बॉक्स उतरवा. कन्व्हर्टर परत बसवताना फिरवत आत ढकला आणि तो पूर्ण आत गेल्याची खात्री खोली मोजून करा. बेल हाउसिंग इंजिनला टेकल्यावरही कन्व्हर्टर हाताने सहज फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (कन्व्हर्टर जिला बोल्टने जोडतात त्या इंजिनच्या चकतीपासून) थोडा सुटा असला पाहिजे. बॉक्स बोल्टने ओढून टेकवावा लागत असेल तर लगेच थांबा, नाहीतर पंप फुटतो. जुन्या कन्व्हर्टरचा चुरा कूलरमध्ये बसलेला असतो. कूलर धुऊन भागत नाही, बदललेला बरा.

क्लच. फायबर सापडलं आणि तक्त्यानुसार घटकही निश्चित झाला, तरी फक्त तोच क्लच बदलू नका. बॉक्स उघडला की सगळे फायबर, सील आणि बुश बदलायचे. हे काम घरच्या जागेत होत नाही, धूळ नसलेली खोली आणि या बॉक्सची खास हत्यारं असलेल्याकडेच द्या.

जुना बॉक्स. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा दिल्लीच्या मायापुरीतून बॉक्स घेताना फक्त '८एचपी' पाहून घेऊ नका. बॉक्सवरच्या पट्टीचा पूर्ण पार्ट नंबर आपल्या गाडीशी जुळला पाहिजे, डिझेल-पेट्रोल आणि एक्सड्राइव्हनुसार बॉक्स बदलतात. आतलं कंट्रोल युनिट मूळ गाडीच्या चोरीरोधक प्रणालीशी बांधलेलं असतं, त्यामुळे ते मोकळं करून आपल्या गाडीला जोडून देणारा माणूस आधी गाठा, पैसे नंतर द्या. शक्य असेल तर आपल्या गाडीचं चांगलं मेकॅट्रॉनिकच त्या बॉक्समध्ये बसवा. बॉक्स घेण्याआधी त्याचा सम्प उघडायला सांगा आणि टप्पा ६ प्रमाणे चुंबक पाहा. उघडू देत नसतील तर तो बॉक्स सोडा.

काम झाल्यावर गाडी ५०० किमीने परत बोलवा. खालचं कव्हर काढून गळती पाहा, कोड पुन्हा वाचा, सहाव्या गिअरचे तीन आकडे पुन्हा टिपा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवा. आणि गाडी कधी टो करावी लागली तर मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका: इंजिन बंद असताना पंप फिरत नाही, आतले भाग कोरडे घासतात. फ्लॅटबेडच मागवा.